कांताबाईंचा इंग्रजी शब्द

नूपुर आंतरशालेय इंग्रजी शब्दस्पर्धेसाठी निवडली गेली आणि नागपुरात मनीषनगरच्या त्या फ्लॅटमधली मराठी बंद झाली. क्लासच्या सरांनी बजावले होते, की स्पर्धा होईपर्यंत मुलीच्या कानावर फक्त इंग्रजी पडावे, तेही वरच्या दर्जाचे. अडचण आजीची, कांताबाईंची होती.

"आई, राग नका मानू," सून सोनिका म्हणाली. "नूपुरसमोर काही बोलायचंच नाही. स्पर्धेपर्यंतच."

"मंग पानी कसं मांगू?"

सोनिकाने त्यांना स्टीलचा पेला आणि चमचा दिला. एक टोला म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा. म्हाताऱ्या माणसाला तिसरे काही लागत असेल, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

कांताबाईंना लागत होते. शाळेतून आली की नूपुर त्यांच्या पलंगावर पाय पसरून बसे आणि इतवारीतल्या घराच्या गोष्टी ऐके. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची पाळी कुणाची, यावरून जावाजावांत कशी जुंपायची, ते तिला पुन्हा पुन्हा हवे असे. आता ती शब्द पुटपुटत दारावरून जाई आणि आजीला नुसता हात हलवी.

मे महिन्यातल्या एका दुपारी सर व्हिडिओ काढायला आले. क्लासच्या जाहिरातीत हे इंग्रजी घर दाखवायचे होते. सोनिका बाल्कनीतल्या कूलरमध्ये पाण्याचा पाइप सोडून सरबत करायला धावली आणि पाइप विसरली. कांताबाई बाल्कनीच्या दाराशी खुर्चीवर होत्या. टाकी भरली, वाहू लागली. त्यांनी पेल्यावर एक टोला दिला.

सोनिकाने पाणी आणून दिले.

कांताबाईंनी मानेने बाल्कनी दाखवली. सुनेला वाटले, ऊन लागतेय. तिने पडदा ओढून घेतला. कांताबाईंनी पुन्हा पेला वाजवला, मग वाजवतच राहिल्या. तेव्हा चहा आला. सर म्हणाले, रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतोय. सोनिकाने सासूबाईंना आतल्या खोलीत नेऊन बसवले आणि चमचा काढून घेतला.

थोड्याच वेळात पडद्याखालून पाणी आत आले. ते पहिल्यांदा नूपुरला दिसले. साधे सांगायची मुभा नव्हती, म्हणून तिने डोळे मिटून आठवले आणि म्हणाली, "इनंडेशन."

सर खूश झाले. म्हणजे पूर, महापूर; फार वरचा शब्द. त्यांनी वाक्यात उपयोग करायला सांगितला. तिने केला. त्यांनी समानार्थी शब्द विचारला. तिने तोही दिला. सोनिका कौतुकाने मोबाइल धरून उभी होती. पाणी सरांच्या मोज्यांपर्यंत आले, तेव्हाच खालच्या मजल्यावरचे आनंदराव दारात आले.

"वहिनी, पानी टपकून राहिलं ना आमच्याकडे. मी गादीवर झोपून होतो, थे गादी वल्लीचिंब झाली."

सर सोफ्यावर चढले. "अरे बाप्पा, माही ब्याग उचला ना गा कोनी तं!" इतके अस्सल नागपुरी त्या घरात बऱ्याच दिवसांनी ऐकू आले.

फरशी पुसता पुसता सोनिका सासूबाईंवर चिडली. "तुम्हाला दिसत होतं ना सगळं? मग काहून नाही बोलल्या?"

कांताबाई इकडेतिकडे चमचा शोधू लागल्या.

त्या दिवशी मराठी पुन्हा सुरू होईल, असे कुणालाही वाटले असते. तसे झाले नाही. सरांनी तोडगा काढला : आजीला अडीनडीपुरता एक इंग्रजी शब्द शिकवावा. तो नूपुरने शिकवावा, रोज संध्याकाळी, दार लोटून. आजीला दुसरे काही कळत नाही, तेव्हा शिकवण्यापुरते मराठी चालेल.

नूपुर पलंगावर पाय पसरून बसली. "आजी, म्हण. इनंडेशन."

"कठीन आहे वं बाई. म्हन्जे काय, थे तं सांग."

"पूर."

"पूर होय? अवं, आमच्या इतवारीत एकदा..."

स्पर्धा झाली. नूपुर दुसरी आली. पहिला नंबर पुढच्या वर्षी आणायचा म्हणून घरातला नियमही पुढच्या वर्षापर्यंत वाढला. कांताबाईंचा शब्द तर त्या दुपारी आतल्या खोलीत बसूनच पाठ झाला होता. पण तो आला, की शिकवणारी जाईल, एवढे न समजायला त्या काही इंग्रजी शाळेत शिकल्या नव्हत्या.

एका संध्याकाळी सोनिकाने दार किलकिले केले. "अजून नाही आला का आईंना?"

नूपुरने नाही म्हणून मान हलवली. कांताबाईंनी पेल्यावर एक टोला दिला.

सोनिका पाणी आणायला गेली.