नामदेवभाऊंची भेंडी

आमच्या राजुऱ्याच्या पंपदुरुस्ती वर्कशॉपात नामदेवभाऊ फिटर घरून दोन डबे आणायचे. एक स्वतःला, दुसरा पंपाला. पंपाच्या डब्यात भेंडीचा चिकट रस असायचा.

पंपाला ओढायला पाणी अपुरं पडलं की आत बुडबुडे होतात. ते फुटताना गिट्टी दळल्यासारखा आवाज येतो आणि पात्यांना किडलेल्या दातांसारखे खड्डे पडतात. भाऊंचं निदान ठरलेलं, "पानी लय कोरडं हाय जी. त्याले थोडी चिकटाई पायजे." मालकांच्या स्वभावाबद्दलही ते हेच म्हणायचे.

मी इंजिनिअर. भेंडीबद्दल काही ठाऊक नसणं हीच माझी पात्रता. रसातले लांब धागे बुडबुड्यांना आवरतात, हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा मात्र मालकांना लेखी कळवलं, की चाचणीच्या टाकीत भाजी टाकण्याची नियमांत तरतूद नाही. मालकांनी शेवटची एक चाचणी मंजूर केली. निकाल माझ्या कानांवर सोपवला.

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. पंप सुरू झाला, गिट्टी दळू लागली. भाऊंनी डबा ओतला. थोड्या वेळात आवाज बसला, वाळू चाळल्याइतका उरला. भाऊ पंपाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कमी झाला का जी, सायेब?"

माझा कागद मालकांच्या टेबलावर होता. मी मान हलवली. नाही.

त्यांनी डबा धुतला आणि परत कधी आणला नाही. वर्कशॉपात सगळे त्यांना 'भेंडीभाऊ' म्हणू लागले. ते नाव मीच ठेवलं होतं.

भाऊ निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात कबुली द्यायला त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या बायकोनं दारातच सांगितलं, "जोरानं बोला. वर्कशॉपात होते तवाच कान गेले त्याईचे. नोकरी जाईन म्हनून सांगतलं नाई कोनाले."

मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसलो आणि ओरडून सांगितलं, की त्या दिवशी आवाज कमी झाला होता, मी खोटं बोललो. मग त्यांच्या रागाची वाट पाहत राहिलो.

"पंपाले हात लावला तं हाताले मोटरच लागे, पान्याचं काई समजे नाई," ते म्हणाले. "किती कमी झाला होता?"

हे ओरडून कसं सांगायचं? मी खाटेच्या लाकडावर मुठी आपटल्या, मग नुसती बोटांची टोकं फिरवली. भाऊंनी तळहात लाकडावर टेकवला.

"आणखी एकदा करा जी," ते म्हणाले. "पयलेपासून."