यस्टरडे आला, की हॅव मेला

मयतीच्या घरी माणूस काय बोलतो? काहीच बोलत नाही, गुपचूप एका कोपऱ्यात बसतो. आमचे राठोड सर मात्र शेजारच्या देशमुखांचे वडील वारले तेव्हा थेट मुलाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यस्टरडे आला, की हॅव मेला!"

अंगणभर माणसं हादरली. मुलगा रडायचाच थांबला. सरांचं म्हणणं एवढंच, की त्याने मोबाइलवर जो निरोप धाडला त्यात 'फादर हॅज एक्स्पायर्ड यस्टरडे' असं होतं. वाक्यात 'काल' असताना तिथे हॅव किंवा हॅज बसतंच कसं?

सर महागावला इंग्रजी शिकवायचे. ते निवृत्त झाले, त्यांचं हे वाक्य काही झालं नाही. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून पायी शाळेत येऊन शिकलेला हा माणूस. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी आणि दोन्हींच्या डोक्यावर इंग्रजी. आम्हाला व्याकरणही त्यांनी वऱ्हाडीतूनच शिकवलं. "'गेलतो' म्हनतो ना तू? तेच हॅड गॉन. तुह्या आजीले येते, मंग तुले काहून येत नाही?"  मग छडी खायला हात पुढे करायचा.

हल्ली सर माझ्या कृषी केंद्रात येऊन बसतात. एकदा बियाण्यांचा सेल्समन ऐटीत म्हणाला, "आय हॅव केम यस्टरडे फ्रॉम नेर." सर खुर्चीतून ताडकन उठले. एका वाक्यात दोन-दोन चुका! बिचाऱ्याचा चहा तसाच राहिला. आता तो आधी फोन करून विचारतो, "सर बसलेत का?"

सरांच्या बाई वारल्यापासून सर एकटेच राहतात. मुलगी कॅनडात असते. मागच्या रविवारी सकाळी माझ्या बायकोने दिलेला पोह्यांचा डबा घेऊन गेलो, तर सर नातीशी व्हिडिओवर बोलत होते. मी दारात पाऊल ठेवलं आणि सर म्हणाले,

"पिहू, आय हॅव सीन अ मंकी यस्टरडे!"

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. डबा हातातून सुटता सुटता राहिला. ह्याच चुकीसाठी माझे हात लाल झाले होते! मी ओरडलोच, "सर! यस्टरडे!"

सरांनी फोनवर हात ठेवला आणि डोळे वटारले. "गप ना बाप्पा! तिले सांगू दे."

ती सांगतच होती. "नो नाना, नो! आय सॉ!" मग हसत हसत समजावत बसली. सर ऐकत होते, परत चुकत होते, परत ऐकत होते. इतके शहाण्यासारखे आम्ही कुणी त्यांच्या वर्गात बसलो नव्हतो.

फोन बंद झाला. सरांनी डबा उघडला.

"पयले हाय नाना, बाय नाना झालं की पळे थे पोट्टी. एक दिवस बोलता बोलता खरंच चुकलो, त थांबली. समजावून सांगत बसली मले. तवापासून मुद्दाम चुकून राह्यलो."

  सरांनी घास तसाच हातात धरला होता.

"पन आता माह्या साऱ्या चुका सरत आल्या रे. तू त वर्गात लय मस्त चुके. पुढच्या रविवारसाठी एखादी सांग ना."