भूषण सरांचा छोटा कॉम्प्युटर

खोकं हातात घेतल्याबरोबर मनिषाने ते कानाशी नेलं आणि हळूच हलवून पाहिलं.

"अहो, रिकामं तर न्हाई ना पाठवलं? तुमी कॉम्प्युटर म्हणलाव. ह्यात तर चार भाकरीबी मावायच्या न्हाईत."

"हलवू नको, हलवू नको!" म्हणत बुद्धभूषण सरांनी खोकं तिच्या हातातून काढून घेतलं. "आजकाल ताकद आकारावर नसती. बघच आता."

बुद्धभूषण सर राहायला जिंतुरात आणि शिक्षक चारठाण्याकडच्या एका वाडीवरच्या शाळेत. पण त्यांचा खरा लौकिक वेगळाच होता. त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या ओळखीतलं कुणी मोबाईल घेत नसे, कूलर घेत नसे, साधी इस्त्रीसुद्धा घेत नसे. सर कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचे व्हिडिओ पाहत, वहीत गुण-दोषांचे दोन रकाने आखत आणि मग निकाल देत. या छोट्या कॉम्प्युटरचा अभ्यास त्यांनी तब्बल तीन महिने केला होता. किंमत निम्मी, वीज कमी, जागा वीतभर, शिवाय घरातल्या टीव्हीलाच जोडता येतो. सरांची बायको मनिषा सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिचं म्हणणं साधं होतं: परभणीच्या दुकानातून नेहमीसारखा मोठा घ्या, बिघडला तर दुकानदाराच्या दारात जाऊन बसता तरी येतं. पण तीन महिन्यांच्या अभ्यासापुढे असल्या म्हणण्याला कोण विचारतो?

सरांनी टीव्हीला छोट्या डब्याची वायर लावली आणि बटण दाबलं. पडद्यावर एक वर्तुळ उमटलं आणि गरगर फिरू लागलं. खाली लिहिलं होतं, 'कृपया थांबा'.

सगळे थांबले. सरांच्या आई, सरजाबाई, मालिका बघायच्या तयारीने टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ ते वर्तुळ मन लावून पाहिलं. मग त्या उठून चुलीकडे गेल्या.

"भूषण," थोड्या वेळाने आतून आवाज आला, "दोन भाकरी झाल्या रं. अजून ते फिरायलंच हाय का?"

"पहिल्यांदा वेळ लागतो, आई."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. सेलूहून सिद्धोधनचा होता. हा मनिषाचा धाकटा भाऊ. सेलूत त्याचा फोटो स्टुडिओ होता, आणि सरांचं तीन महिन्यांचं व्याख्यान त्याने फोनवरून हप्त्याहप्त्याने ऐकलं होतं.

"जय भीम, दाजी! आला का कॉम्प्युटर? कसा हाय?"

सरांनी वर्तुळाकडे पाहिलं. मग मनिषाकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून त्यांच्याकडेच बघत होती. ती तिथे नसती तर सर कदाचित खरं बोलले असते.

"झकास," सर म्हणाले. "एकदम झकास चालतो."

"मग मीबी आजच मागवतो. माझा जुना लय बेजार करायलाय."

"अरे, घाई करू नको, जरा..." पण फोन ठेवला गेला होता.

"चालू झाल्यावर तरी सांगायचं व्हतं," मनिषा म्हणाली.

कॉम्प्युटर चालू झाला, पण चालला नाही. एकच काम दिलं तर तो बिचारा रडतखडत करी. दुसरं दिलं की पहिलंही सोडून देई. सरांनी निकालपत्रक उघडलं आणि सोबत शिक्षण विभागाची वेबसाईट उघडली, तेव्हा तो मुका झाला. माऊस हलवला तर बाण जागेवरच. सरांना वाटलं माऊस गेला. त्यांनी नवा आणला. बाण तरीही जागेवरच. डबा मात्र असा तापला की सरजाबाईंनी सरांच्या देखत त्यावर हात शेकून पाहिला.

चौथ्या दिवशी सरांनी तो परत करायचं ठरवलं. परतीचा अर्ज भरायला त्याच्यावरच बसले. अर्ज अर्ध्यात अडकला.

"मोबाईलवरून भरा की," मनिषा म्हणाली.

सरांनी तसं केलं. रविवारी कुरिअरवाला येऊन डबा घेऊन जाणार असा निरोप आला आणि सरांच्या जिवाला तसल्ली मिळाली. आपली माहिती पुसून टाकावी म्हणून त्यांनी रविवारी पहाटेच डबा चालू करून ठेवला. पण कुरिअरवाल्याआधी दारात उभे राहिले ते शाळेचे मुख्याध्यापक दत्तराव.

"सर, तुमच्या मेहुण्याच्या स्टेटसवर बघितलं. दाजींनी सुचवलेला कॉम्प्युटर मागवला म्हणून. आम्हाला काही बोलला न्हाईत! शाळेला घ्यायचा इचार करायलोय. दाखवा की जरा."

पडद्यावर फक्त डोंगराचं चित्र होतं. सरांनी तेवढंच दाखवलं. कुठेही बोट लावलं नाही.

"लय साफ दिसायलंय," दत्तराव पुढे वाकून म्हणाले. "बर्फसुद्धा दिसायलाय."

"पण सर, घाई नका करू. नवीन मॉडेल यायलंय म्हणे."

"मग तर आजच घेतो! नवीन आलं की हे मिळायचं न्हाई."

"तसं नाही. शाळेला एवढ्याची गरज आहे का, ते बघा."

दत्तरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे? खेड्यातल्या शाळेला चांगली वस्तू झेपत न्हाई, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

नेमकी त्याच वेळी बाहेर मोटारसायकल थांबली. "बुद्धभूषण सर हायत का? ते परत करायचं पार्सल न्यायला आलोय."

सर चपळाईने दारात गेले. "कुठलं पार्सल? इथं काही नाही."

"पण नाव तर तुमचंच हाय."

"एका नावाची माणसं असतात जगात. पुढच्या गल्लीत विचारा."

कुरिअरवाला पुढच्या गल्लीत गेला तो गेलाच. परतीची मुदत त्याच दिवशी संपली. आणि चारच दिवसांत, गावातून गोळा झालेल्या लोकवर्गणीतून, शाळेसाठी तसलाच डबा आला. शाळा समितीचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या हस्ते नारळ फोडून त्याचं उद्घाटन झालं. सरांनी दोन शब्द बोलावे असा आग्रह झाला, तेव्हा सरांचा घसा बसलेला होता.

आता तक्रारी येणार म्हणून सर धास्तावले. पहिला फोन सिद्धोधनचा आला. सरांनी तो तिसऱ्या वेळी उचलला.

"दाजी, एक नंबर! नुसता पळायलाय!"

सरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी भीतभीत दत्तरावांना विचारलं. दत्तराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "झकास हो सर. इमानावानी उडायलाय."

मग सरांनी जो निष्कर्ष काढला तो तर्काला धरूनच होता. वस्तू चांगली आहे, आपलाच डबा नेमका खराब निघाला. त्यांना वाईट वाटलं, पण आपला निकाल चुकला नाही याचं थोडं बरंही वाटलं. त्यांनी डब्यावर इलाज सुरू केले. आधी टेबलावरचा पंखा लावला. मग तो कूलरसमोर नेला. शेवटी सरजाबाईंनी माठावर ओलं फडकं टाकलं आणि डबा त्यावर ठेवला.

"एवढ्या उन्हात माणूस दम टाकायलाय, ते तर मशीन हाय," त्या म्हणाल्या.

माठावर तो जरा बरा चालला. पण त्या दिवसापासून घरात पाणी पिताना कॉम्प्युटर बंद करावा लागे आणि तो पुन्हा चालू व्हायला दोन भाकरींचा वेळ घेई. मनिषा दवाखान्यातून दमून आली, माठाकडे गेली, आणि सर ओरडले, "थांब! सेव्ह करायलोय!" तेव्हा मात्र तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यानेच सरांना कळून चुकलं की आता काहीतरी करायलाच हवं.

पुढच्या सुट्टीला सरांनी डबा थैलीत टाकला आणि सेलूची एसटी धरली. बेत असा होता की सिद्धोधनच्या डब्याशेजारी आपला ठेवून दोन्ही ताडून बघायचे, आणि कुठे फरक पडतो ते शोधायचं.

स्टुडिओत लग्नाचा अल्बम ठरवायला एक कुटुंब बसलं होतं. टेबलावर छोटा डबा, त्याला कुंकवाचं बोट, त्याचा दिवा लुकलुकतोय. पडद्यावर फोटो मात्र सटासट पळत होते. हळद गेली, वरात गेली, जेवणाच्या पंगती गेल्या. सर बघतच राहिले.

"सिद्धोधन, तुझा एवढा कसा पळायलाय रे?"

सिद्धोधनने दचकून वर पाहिलं. "दाजी! तुमी? फोन तरी करायचा. बसा, च्या सांगतो. तिकडं बसा, तिकडं."

पण सर आपला डबा जोडायला टेबलाखाली वाकले होते. पडद्याची वायर छोट्या डब्याच्या मागून नुसतीच गेली होती. ती खाली उतरून टेबलावरून लोंबणाऱ्या कापडाआड शिरली होती. सरांनी कापड बाजूला केलं. आत सिद्धोधनचा जुना, धुळीने माखलेला, मोठा कॉम्प्युटर घुरघुर करत बसला होता.

"दाजी," सिद्धोधन त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, "गिऱ्हाईक बसलंय. हळू."

मागच्या अंधाऱ्या खोलीत, पांढऱ्या छत्र्या आणि दिव्यांच्या मध्ये, दोघे समोरासमोर बसले.

"चालतच न्हाई हो तो," सिद्धोधन म्हणाला. "दोन फोटो उघडले की बसतोय. पन तुमी झकास म्हणलाव. मला वाटलं माझाच खराब निघाला. तुमाला सांगावं तर तुमी म्हणणार, तुला चालवता येत न्हाई."

"मलाही वाटलं माझाच खराब निघाला," सर म्हणाले.

"म्हंजे तुमचाबी?"

"पहिल्या दिवसापासून."

हसावं की रागवावं ते सिद्धोधनला ठरवता येईना. शेवटी तो हसला. सरांना हसू आलं नाही. त्यांनी तिथूनच दत्तरावांना फोन लावला आणि म्हणाले, "सर, शाळेतल्या कॉम्प्युटरचं खरं खरं सांगा."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग दत्तराव दबक्या आवाजात बोलले. "कपाटात हाय हो. पन कुणाला सांगू नका. नारळ फोडलाय."

एसटीत परत येताना सरांना आपल्या दहा-बारा वर्षांच्या लौकिकाची पहिल्यांदाच लाज वाटली. लोक आपल्या शब्दावर घरात वस्तू आणतात आणि आपण बायकोसमोर नाक वर राहावं म्हणून खोटं बोललो. घरी गेल्यावर त्यांनी मनिषाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही.

"आता कुणी इचारलं तर खरं सांगा," एवढंच म्हणाली. "तुमचं लोक ऐकतात."

विचारण्याची वेळ आठवड्यातच आली. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांची शिक्षण परिषद सरांच्याच शाळेत भरली होती. यजमान म्हणून आबासाहेब पुढच्या रांगेत फेटा बांधून बसले होते. जेवणाआधी शेजारच्या शाळेच्या सुकेशनी मॅडम उठल्या.

"तुमच्या शाळेत छोटा कॉम्प्युटर आलाय असं ऐकलं. आम्हाला पण घ्यायचाय. भूषण सरांनी मार्गदर्शन करावं."

टाळ्या झाल्या. सर उठले.

"घेऊ नका," ते म्हणाले.

जेवणाकडे निघालेले दोघेतिघे परत बसले.

"मी घेतला आणि फसलो. चालू व्हायला दोन भाकरींचा वेळ लागतो. माझ्या घरी तो माठावर ठेवावा लागतो."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. सर विनोदी बोलतात हे केंद्रात नव्याने कळत होतं.

"मी खरं सांगायलोय!" सर म्हणाले.

"सर," मागून परमेश्वर नावाचे एक शिक्षक उठले, "तुम्ही घेतला. तुमच्या मेहुण्यानं घेतला. तुमच्या शाळेनं घेतला. आन आम्हीच तेवढं घेऊ नये?"

सुकेशनी मॅडमचा चेहरा उतरला होता. "यंदा शाळांचं मूल्यांकन आहे, म्हणून का सर? तुमच्याच शाळेचा पहिला नंबर राहावा म्हणून? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

सभेत कुजबुज सुरू झाली. सरांनी दोन्ही हात वर केले. "माझ्यावर विश्वास नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा!"

सगळ्या माना दत्तरावांकडे वळल्या. आबासाहेबांचा फेटाही वळला. दत्तराव हळूहळू उभे राहिले. त्यांनी सरांकडे एकदा केविलवाणं पाहिलं, मग फेट्याकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

"आमच्या गावानं दिलेला कॉम्प्युटर," ते म्हणाले, "उत्तम स्थितीत हाय."

आबासाहेबांनी मान डोलावली. टाळ्यांचा कडकडाट झाला. परमेश्वर सरांनी तिथेच मोबाईल काढला.

संध्याकाळी सर घरी आले, चपला काढल्या आणि उंबऱ्यातच बसले. मनिषा कणीक मळत होती.

"सांगितलं का खरं?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर, उभं राहून."

"लय चांगलं केलंत. मग?"

सरांनी चपला उचलून कोपऱ्यात नीट लावल्या.

"अकरा शाळांनी मागवलाय," ते म्हणाले. "सुकेशनी मॅडमनं दोन."