शुक्रवारचा चौकोन

सन दोन हजार तेवीस, श्रावण महिना. मल्लेश्वरमच्या रूपश्रीला कॉलेजच्या संशोधन-प्रकल्पाची गटप्रमुख करून तीन आठवडे झाले होते, आणि त्या तीन आठवड्यांत तिचं कुणीही ऐकलं नव्हतं. त्याला कारण क्षितिज.

क्षितिज पुण्याहून नुकताच आलेला. ‘घरोघरी पाणी किती लागतं’ हा त्यांचा विषय. शहरातले तीन भाग, प्रत्येकी चाळीस फॉर्म, अहवाल सोमवारी द्यायचा. क्षितिजनं त्याचा रंगीत तक्ता केला आणि गट रूपश्रीकडे जमतो म्हणून तिच्याच घरी, शिलाई मशीनच्या वर, भिंतीला चिकटवला. झालेलं काम हिरवं, राहिलेलं लाल. तिची आई सरस्वतीबाई तर तक्त्यावर भाळलीच. दोशाचं पीठ वाटून झालं की कोपऱ्यात स्वतःच्या कामाचा एक चौकोन हिरवा करायची.

“स्वल्प शीक त्याच्याकडून,” ती म्हणायची. “तुझी वही बघ, नि त्याचा तक्ता बघ!”

रूपश्री तक्त्याकडे पाठ करून उप्पीट गिळायची. मैत्रीण मुग्धासुद्धा आता “क्षितिजला विचारू या” म्हणायला लागली, तेव्हा तिला राहवेना. मल्लेश्वरमचे फॉर्म भरून झाले होते. उरलेल्या दोन भागांसाठी तक्त्यावर शनिवार होता.

“शुक्रवारीच उरकू या,” ती गोड आवाजात म्हणाली. “तुम्ही दोघं येलहंक्याला जा. मी एकटी मारतहळ्ळी करते.”

“म्हणजे आपण शेड्यूलच्या एक दिवस पुढे!” क्षितिज खूश. “भारी आयडिया!”

त्या शुक्रवारी वरमहालक्ष्मी होती, कानडी घरांतला मोठा सण. पुण्याच्या क्षितिजला नि नागपूरच्या मुग्धाला त्याचा पत्ता नव्हता. जुन्या येलहंक्यात घरोघरी कलश मांडलेला, बायका पूजेत. फॉर्म घेऊन आलेल्यांना कोण उभं करणार? एकदा क्षितिज रिकाम्या हातानं परत आला, की तक्ता उतरेल. रूपश्रीनं मनात तो उतरवलाही.

शुक्रवारी आई ओरडली, “आज सणाचं कुठं निघालीस?”

“गटप्रमुख आहे मी!” म्हणत ती मारतहळ्ळीच्या बसमध्ये बसली.

सण असला तरी तिथल्या नोकरदारांचा तो कामाचाच दिवस. पहिल्या इमारतीत सगळी कुलपं. दुसऱ्या इमारतीचा वॉचमन म्हणाला, “सगळे आफीसला, अक्का. सहानंतर या.” तिसऱ्या इमारतीनं तिला फाटकातच अडवलं. दुपारपर्यंत तीन फॉर्म भरले. त्यांतला एक वॉचमनचा.

ती घरी आली तर क्षितिज नि मुग्धा आधीच हजर. मुग्धाच्या केसांत मोगरा, हातात ब्लाउजपीस. क्षितिजच्या डब्यात कोसंबरी, प्रसादाची डाळीची कोशिंबीर.

“अगं, दारं उघडीच!” मुग्धा म्हणाली. “मला कुंकू लावायला आत ओढलं. एकेका घरात सात-आठ शेजारणी. बसल्या बसल्या सगळ्यांचे फॉर्म भरले. छप्पन्न झाले!”

“आणि तुझे?” क्षितिजनं विचारलं.

“मोजते अजून,” रूपश्री म्हणाली.

शनिवारी तिघांनी मिळून मारतहळ्ळी कशीबशी उरकली. सोमवारी प्रकल्प तपासणारे संतोषकुमार सर फॉर्म चाळता चाळता येलहंक्याच्या तारखेवर थांबले.

“सणाच्या दिवशी गेलात? गावातल्या बायका एकत्र कधी भेटतात, हे कुणाला सुचलं?”

रूपश्रीनं क्षितिजकडे पाहिलं. आता हा म्हणणार, मला.

“रूपश्रीला, सर,” क्षितिज म्हणाला. “मी तर शनिवार लिहिला होता.”

“सरी, छान! गटप्रमुख असावी तर अशी.” सरांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. रूपश्रीला खाली बघावं लागलं. तो तिचा विनय समजला गेला.

पुढे संतोषकुमार सर निवृत्त झाले. मुग्धा नागपूरला परतली. मोगऱ्याची आठवण अजून काढते. क्षितिज एका कंपनीत तक्ते करतो. रूपश्री दुसऱ्या कंपनीत गटप्रमुख आहे, आणि तारीख ठरवताना ती नेहमी दुसऱ्यांना विचारते. तक्ता अजून मशीनच्या वर आहे. शुक्रवारच्या चौकोनात क्षितिजनं हिरव्या शाईनं लिहिलंय, ‘कल्पना : रूपश्री’. सरस्वतीबाई आल्यागेल्याला तो दाखवते. रूपश्री तेवढ्यात चहा ठेवायला आत जाते.