कौल मिळालेलं कव्हर

मालवणच्या छापील कागदाला आपण वळण लावणार, असं प्रितेशने भरड नाक्यावरच्या चहावाल्याला सांगितलं, तेव्हाच त्या माणसाने कपाळाला हात लावायला हवा होता. पण चहावाल्यांना गिऱ्हाईक महत्त्वाचं.

मुंबईत दोन वर्षं डिझाइनचा कोर्स करून हा गृहस्थ गावी आला, तो नाकाने कांदे सोलतच. मालवणी बोलणं सोडलं. एसटी स्टँडवरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची तोंडं तो मोजत बसला. ‘‘एका फ्लेक्सवर बेचाळीस तोंडं! बघणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा?’’ असं तो भेटेल त्याला विचारायचा. तो वाढदिवस त्याच्या सख्ख्या काकाचा होता आणि बेचाळिसातलं एक तोंड त्याचं स्वतःचं होतं, पण ते राहू दे.

अशा माणसाच्या हाती तारकर्लीच्या काशीराम बुवांच्या अल्बमचं काम पडलं. बुवा चाळीस वर्षं भजन गाताहेत. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, समोरचा बुवा त्यांचा आवाज ऐकूनच पेटी मिटतो. तरी आजवर अल्बम एकही नाही. आता त्यांच्या भजन मंडळाने मनावर घेतलं. अल्बम म्हणजे हल्ली पेनड्राइव्ह, रिक्षात लावायचा. पण त्याला पुठ्ठ्याचा देखणा खोका हवा, पेपरात पाव पान जाहिरात हवी आणि जत्रेच्या दिवशी देवळात प्रकाशन.

बुवांनी आपली कल्पना सांगितली. ‘‘वर देव. मधी पेटयेर मी. बाजूक पखवाजवालो बाबली. खाली कोरसवाले आठ जण. आणि तेच्या खाली शुभेच्छुक.’’

प्रितेश नुसता हसला. असं हसायला कोर्समध्ये वेगळा तास असावा. ‘‘बुवा, तो जमाना गेला. सगळं काळं, त्यात एकच चेहरा, डोळे मिटलेले, खाली बारीक अक्षरात नाव. बाकी रिकामी जागा. खरी कला रिकाम्या जागेत असते.’’

‘‘रिकामी जागा आमच्या वाडीत पण रगड आसा,’’ बुवा म्हणाले. ‘‘ती कोण छापून वाटीत नाय.’’

प्रितेशला वाद घालायला वेळ नव्हता. मुंबईच्या एका बड्या स्टुडिओतल्या रसिका मॅडमनी त्याला फोनवर सांगितलं होतं, की छापून बाजारात आलेलं एक तरी काम पाठवा, त्यावर तुमचं नाव असलं पाहिजे, मग नोकरीचं बघू. म्हणजे खोक्याच्या पाठीवर ‘संकल्पना व मांडणी : प्रितेश’ एवढी एक ओळ आली, की गडी मालवणातून सुटला.

आता अडचण फोटोची. जत्रांचा हंगाम, बुवा आज जामसंड्याला तर उद्या आणखी कुठे. मग प्रितेशने घरात काळी चादर टांगली, डोळे मिटले आणि नमुन्यापुरता स्वतःचाच फोटो काढला. नमुन्याला कोणाचंही तोंड चाललं असतं, शेजारच्या बाबूचंसुद्धा. पण या पठ्ठ्याने एकशे चौदा फोटो काढले आणि त्यातला एक निवडण्यात दोन दिवस घालवले. खाली बुवांचं नाव टाकलं. पाठ कोरीच ठेवली. आपली ओळ शेवटी निवांत टाकू, म्हणाला.

तो छापील नमुना त्याने बुवांच्या घरी त्यांच्या बायकोकडे दिला. ‘‘चंद्रावती काकी, बुवा आले की दाखवा. फक्त मांडणी बघायची, म्हणावं.’’

‘‘ठेव थंय,’’ काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ऐटीत पुन्हा तारकर्लीला गेला. नमुना देव्हाऱ्यात होता. वर हळदकुंकू, बाजूला फूल.

‘‘झाला तुझा काम,’’ काकी म्हणाल्या. ‘‘सकाळीच देवळात नेलंय. दाजी गुरवान पाकळ्यो लावल्यान, गाराणा घातल्यान, नि उजवी पाकळी लगेच पडली. देवान कौल दिल्यान. आता ह्याच छाप.’’

तेवढ्यात बुवा घरी आले. त्यांनी कागद उचलला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

‘‘ह्यो कोण?’’

‘‘तुम्हीच न्हय?’’ काकी म्हणाल्या. ‘‘माका वाटला, कंप्युटरान तुमका तरणे केल्यान.’’

‘‘गो, माझ्या तोंडार चाळीस वर्षां मिशी आसा!’’

‘‘मिशी पण काढल्यान म्हटलंय. बरा दिसता.’’

प्रितेशने घाईघाईने खुलासा केला, की तो चेहरा जागा अडवायला ठेवलाय, आता बुवांचा फोटो काढू आणि बदलू. बुवांनी कागद होता तसा देव्हाऱ्यात ठेवला.

‘‘बदलतलंस कसो? देवान कौल दिल्यान तो ह्या कागदाक. बाबलीच्या आज्यान कौल मोडून होडी लोटलेली. होडी अजून येवची आसा. आजोसुद्धा.’’ मग कागदाकडे बघत हळू म्हणाले, ‘‘चाळीस वर्षां गातंय रे. पयल्यांदा कागदार इलंय, तो दुसऱ्याच्या तोंडान.’’

हे ऐकून प्रितेशला वाईट वाटलं. पण त्याहून वाईट त्याला त्या कोऱ्या पाठीचं वाटलं. छापायचं ते हेच, म्हणजे त्याची ओळ गेली की!

‘‘मग परत कौल घेऊया,’’ तो म्हणाला. ‘‘चेहरा बदलायचा आणि मागे एक ओळ टाकायची.’’

दाजी गुरव तयार झाले. संध्याकाळी सगळं मंडळ देवळात जमलं. दाजींनी देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रितेशने आपली हुशारी इथेही आणलीच. दाजींना उकडतंय, असं म्हणत त्याने कोपऱ्यातला टेबलफॅन ओढला आणि त्याचं तोंड बरोबर उजव्या पाकळीवर धरलं.

‘‘बा देवा म्हाराजा,’’ दाजींनी सूर लावला, ‘‘ह्यो झील तोंड बदलूक म्हणता, पाठीर आपला नाव घालूक म्हणता...’’

‘‘होय म्हाराजा,’’ मंडळ म्हणालं.

‘‘तुझी मर्जी आसात तर उजवो कौल दी म्हाराजा...’’

‘‘होय म्हाराजा!’’

पंखा घरघरला आणि पाकळी टपकन पडली.

‘‘उजवी!’’ प्रितेश ओरडला.

‘‘ती तुझी उजवी,’’ दाजी शांतपणे म्हणाले. ‘‘देव तुझ्याकडे तोंड करून उभो आसा. तेची ती डावी.’’

चौथीतलं पोर सांगेल, की समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. मांडणीत पदविका घेतलेल्याला ते देवळात येऊन कळलं.

‘‘मेलंय रे!’’ प्रितेश म्हणाला. गावी आल्यापासूनचं त्याचं हे पहिलं मालवणी वाक्य.

मग छापलं. खोक्यावर प्रितेशचं तोंड, पाठ कोरी. पेपरात पाव पानभर प्रितेशचं तोंड, खाली ‘भजनसम्राट काशीराम बुवा’. जत्रेला ही गर्दी लोटली. बुवांनी पेटी पुढ्यात घेतली, तर बायका ओरडायला लागल्या, ‘‘पेपरातलो बुवा खंय आसा?’’ शेवटी बाबलीने प्रितेशला मंडपाच्या मागून धरून आणला, सगळ्यांच्या पुढे बसवला आणि हातात झांज दिली. बुवा त्याच्या पाठीमागून गायले. लोक खूश. दोन म्हाताऱ्या त्याच्या पाया पडल्या. एकीने विचारलं, ‘‘लगीन झाला बुवांचा?’’

खोका रसिका मॅडमकडे पोचला. त्यांचा फोन आला.

‘‘कव्हर अप्रतिम आहे हो. पण यावर तुमचं नाव कुठे दिसत नाही.’’

‘‘नाव नाही मॅडम, पण पुढे तो चेहरा आहे ना, तो माझाच.’’

‘‘चेहरा गायकाचा आहे, खाली नाव लिहिलंय,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘माणसाने निदान देवाच्या कामात खोटं बोलू नये. नोकरीचं विसरा. आणि या बुवांचा नंबर द्या. आमच्या स्टुडिओत सत्यनारायण आहे. आईला खोक्यावरचेच बुवा हवेत.’’

प्रितेशने मुकाट्याने नंबर दिला. बुवांनी सुपारी घेतली.

त्या बड्या स्टुडिओत प्रितेश अखेर पोचला. सगळ्यांच्या पुढे बसला, काळं जाकीट घालून, डोळे मिटून, हातात झांज घेऊन. तोंड मात्र उघडायचं नाही, असं बुवांनी बजावलं होतं.