सात दिवसांची फियाट

लग्नाला दीड वर्ष झालं तरी भिकूमामांनी आपल्या जावयाला एकही प्रश्न विचारला नव्हता. "या", "बसा" आणि "निघालात?" एवढ्यावर त्यांचं भागत होतं. ("निघालात?" हाही प्रश्नच आहे असं कुणी म्हणेल, पण मामांच्या सुरात त्यात प्रश्न कमी आणि आशा जास्त असायची.)

जावई म्हणजे आपला सम्यक. पालीच्या नाक्यावर त्याचं गॅरेज. नववीत त्याची शाळा सुटली. खरं तर गणितानं ती सोडवली. बायको स्नेहल मात्र डी.एड. झालेली, शाळेत शिकवणारी. आणि सासरे भिकूमामा म्हणजे मुंबईत एकतीस वर्षं टॅक्सी चालवून गावी परतलेला माणूस. ड्रायव्हरनं मेकॅनिकवर विश्वास ठेवू नये, हे त्यांनी एकतीस वर्षांत शिकलेलं एकमेव तत्त्व. आणि नेमका मेकॅनिकच जावई म्हणून घरात आला! पाहुण्यांनी विचारलं, की मामा सांगत, "जावई गाड्यांच्या लायनीत आहे." पाहुण्यांना वाटायचं, आरटीओत असेल. मामा त्यांना तसं वाटू द्यायचे.

सम्यकला हे कळत होतं. तो बोलायचा नाही, कारण सासुरवाडीत त्याची जीभ गंजलेल्या बोल्टासारखी व्हायची. पण एकदा तरी मामांनी चारचौघांत "हा मेकॅनिक आहे" असं सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती.

तर दोन हजार सहा सालच्या मे महिन्यातला एक रविवार. स्नेहलचा भाऊ बाळा याचं लग्न पुढच्या रविवारी होतं. त्याच्या तयारीला म्हणून सम्यक आणि स्नेहल आले होते. मामांनी नुकतीच केबल घेतली होती आणि तिच्यावर एक परदेशी कार्यक्रम लागला होता, हिंदीत बोलणारा. दाढीवाले दोन गोरे एक सडकी मोटार आणतात, आपसात भांडतात आणि सात दिवसांत तिची नवीकोरी गाडी करतात. शेवटी गाडीवरचा पडदा सर्रकन ओढला जातो आणि मालक ढसाढसा रडतो.

मामांनी मालकाचं रडणं संपेपर्यंत पाहिलं. मग मान वळवून म्हणाले, "काय हो, हे असं खरंच होतं?"

सम्यकनं आधी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती. म्हणजे प्रश्न त्यालाच होता!

खरं उत्तर त्याला माहीत होतं. "नाही हो मामा, सगळं नाटक. त्यांच्या मागं पन्नास माणसं राबतात. सात दिवसांत आमच्याकडं नुसता सायलेन्सर येत नाही." पण दीड वर्षानंतर पहिला प्रश्न, आणि त्याला "नाही" म्हणायचं?

"होतं की," सम्यक म्हणाला. "सात दिवसांत आरामात होतं."

"मग आमची फियाट करा," मामा म्हणाले. "बाळा तिच्यातनंच जाईल हॉलवर."

आमची फियाट म्हणजे मामांची टॅक्सी. निवृत्त होताना ते तिलाही बरोबर घेऊन आले होते. चार वर्षं ती परसात फणसाखाली उभी होती, काळी-पिवळी, चारी चाकं बसलेली.

"अहो, काय बोललात तुम्ही हे?" बाहेर आल्यावर स्नेहलनं विचारलं.

"त्यांनी विचारलं ना मला."

"त्यांनी फणसावर चढा म्हटलं तर चढाल?"

(सम्यक चढला असता. पण ते त्यानं सांगितलं नाही.)

सोमवारी तो हत्यारं घेऊन सकाळीच हजर. टीव्हीवर दाढीवाला बोल्टाला मशीन लावतो, झुंई आवाज होतो आणि बोल्ट हातात येतो. कोकणच्या खाऱ्या हवेत चार वर्षं काढलेला बोल्ट वेगळा असतो. त्याला रॉकेल पाजावं लागतं, हातोडीनं समजवावं लागतं आणि शेवटी तो निम्मा आत ठेवूनच येतो. पण बोल्टापर्यंत पोचायच्या आधीच येसूमामी, म्हणजे सासूबाई, आडव्या आल्या.

"मागच्या शिटेला हात लावू नका हां जावयबापू. कोंबडी खुडुक बसलीय."

"मामी, गाडी करायचीय."

"करा की. पुढची करा."

टीव्हीवर कुठल्याच दाढीवाल्याच्या गाडीत अंड्यांवर बसलेली कोंबडी नव्हती. शेवटी स्नेहलनं टोपली आणली, मामींनी कोंबडीची समजूत काढली आणि सम्यकला कोंबडीनं दोनदा टोचलं. सोमवार संपला.

मंगळवारी त्यानं इंजिन उघडलं. इथं मात्र सम्यक वेगळाच माणूस व्हायचा. लाजणं नाही, चाचरणं नाही. कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, टाकीतला गाळ काढला. स्नेहल शाळेला सुट्टी असल्यानं पाने हातात देत होती. पहिल्यांदा चौदाचा मागितला तर तिनं सगळेच पुढं केले. दुसऱ्या दिवशी न मागताच बरोबर देऊ लागली.

वाडीतली माणसं मात्र फणसाखाली बसून बघत होती. सगळ्यांनी कार्यक्रम पाहिलेला.

"टीव्हीवर ह्या वेळेपर्यंत इंजिन बसवतात," एकजण म्हणाला.

"आणि भांडतात पण. हे दोघं भांडत का नाहीत?"

"बारा नंबरचा कुठं ठेवलास?" सम्यकनं स्नेहलला विचारलं.

"तुमच्या खिशात आहे! तिसऱ्यांदा सांगतेय, तुमच्या खिशात!"

"हां, आता बरोबर," फणसाखालून समाधानाचा आवाज आला.

क्लचप्लेट कोल्हापूरहून मागवली होती. टीव्हीवर पार्ट मागितला की पुढच्याच मिनिटाला खोक्यातून निघतो. सम्यकची क्लचप्लेट एसटीच्या पार्सलातून निघाली आणि पालीला उतरायचं सोडून राजापूरला गेली. गुरुवारचा अख्खा दिवस तिला आणण्यात गेला. मामा दर तासाला बाहेर येऊन गाडीखाली वाकून बघत आणि काही न बोलता आत जात. ते न बोलणं सम्यकला कोंबडीच्या चोचीपेक्षा जास्त लागायचं.

शुक्रवारी मामींनी नवीनच काढलं. "काळ्या-पिवळ्या गाडीतनं माझा पोर लग्नाला जायचा नाय. लोकं हात दाखवून थांबवतील. आरे-वारेच्या समुद्रावर येणार काय विचारतील."

म्हणजे रंगही आला. सम्यक इंजिनाचा माणूस, रंग त्याचा प्रांत नव्हे. पण "नाही" हा शब्द तर त्यानं रविवारीच गमावला होता. त्यानं पांढरा रंग आणला, कॉम्प्रेसर उसना आणला. शनिवारी दिवसभर भारनियमन. वीज आली संध्याकाळी पाचला. टीव्हीवर गाडी रंगायला गाण्याचं एक कडवं लागतं आणि रंग दुसऱ्या कडव्यात वाळतो. मे महिन्यातल्या आमच्या दमट हवेत मीठसुद्धा वाळत नाही, तर रंग काय वाळतोय!

तरी रविवारी सकाळी गाडी पांढरीशुभ्र दिसत होती. सम्यक दुरूनच तिच्याकडे बघत होता. तेवढ्यात मामा नवा सदरा घालून बाहेर आले.

"पडदा कुठाय?"

"पडदा?"

"टीव्हीवर पडदा असतो. नवरीचे मामा येतायत बाळाला न्यायला. त्यांच्यासमोर ओढायचा."

सम्यकनं दाराच्या खालच्या कडेला बोट लावून पाहिलं. तिथं रंग वाळला होता. (तिथं तो लागलाच नव्हता, हे नंतर लक्षात आलं.) "वाळलाय, मामा," तो म्हणाला.

स्नेहलनं राजापूरच्या बाजारातल्या दोन नव्या कोऱ्या चादरी काढून एकमेकींना टाचल्या. मोठाली गुलाबाची फुलं आणि मधे मोर. चादरी मळू नयेत म्हणून फुलांची बाजू आत, गाडीकडे केली. वरून दहा वाजेपर्यंत मे महिन्याचं ऊन.

दहाला नवरीचे मामा आले. मुंबईचे, चष्मेवाले. वाडी गोळा झाली. जयभीम झाला. भिकूमामांनी चादरीचं टोक धरलं आणि टीव्हीतल्यासारखं सर्रकन ओढलं.

सर्रकन काही झालं नाही. चर्रर्र झालं.

चादर निघाली. चादरीवरची फुलं राहिली. गाडीच्या टपावर गुलाब, दारांवर मोर. आणि बॉनेटवर मधोमध चादरीच्या गिरणीचा शिक्का उमटला होता, उलट्या अक्षरांत.

फणसाखालचे सगळे तज्ज्ञ वर बघून फणस मोजू लागले. सम्यकला वाटलं, आता जमिनीनं पोटात घेतलं तर फियाटीखालची जागा बरी.

नवरीच्या मामांनी चष्मा पुसला. गाडीभोवती एक फेरी मारली. मोरावर वाकले.

"हाताचं काम आहे?" त्यांनी विचारलं.

भिकूमामांनी चादरीकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. बिचारा हात जोडूनच उभा होता.

"तर!" मामा म्हणाले. "जावयाचं."

मग ते स्वतः स्टिअरिंगवर बसले. किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन लागलं. खोकलं नाही, थरथरलं नाही. मामांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. बाळा मागच्या सीटवर फेटा सांभाळत बसला होता. तो म्हणाला, "बाबा, चला ना." पण मामा ऐकतच राहिले.

"नवी घेतली ना, तेव्हा अशी वाजायची," शेवटी ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. टीव्हीवरच्या मालकाइतकं रडले नाहीत. पण तो गोरा मालक एकतीस वर्षं टॅक्सीवर नव्हता.

पुढं वाडीतल्या बाबल्याची रिक्षा भोंगा लावून आणि मागं फुलांची फियाट, अशी वरात निघाली. चढावर बाबल्यानं आरशात पाहिलं आणि ओरडला, "आरं, ह्याच्यावर लिवलंय! 'पक्का रंग, पक्की गॅरंटी'!" आरशात उलटी अक्षरं सुलटी झाली होती.

हॉलवर मामांनी सम्यकचा दंड धरला तो जेवणं होईस्तोवर सोडला नाही. दिसेल त्याला थांबवून सांगत होते, "हा माझा जावई. मेकॅनिक आहे. गॅरेज आहे पालीला, स्वतःचं." आरटीओचं नाव नाही. स्नेहल नवरीच्या बाजूला उभी होती. तिनं मुद्दाम जवळ येऊन एकदा विचारलं, "काय म्हणाले हो बाबा? मला ऐकू नाही आलं." मामांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. सम्यकचे कान लाल झाले, पण मान पहिल्यांदाच वर होती.

सोमवारी सकाळी त्यानं गॅरेज अर्धा तास आधी उघडलं. कीर्ती पसरली होती. दार उघडतं न उघडतं तोच बाबल्याची रिक्षा समोर येऊन थांबली. इंजिन असं ठोकत होतं, की सम्यकला रस्त्यावरूनच कळलं: पिस्टन गेलाय.

"आण आत," सम्यक बाह्या सरसावत म्हणाला. "खोलून बघतो. दोन दिवसांत लोण्यासारखी चालेल."

"इंजिनाला हात लावू नको," बाबल्या घाईनं म्हणाला. "त्याला माझा मेकॅनिक आहे चांगला." आणि काखेतल्या पिशवीतून त्यानं एक नवी चादर काढली. "ही घे. हत्तीची आहे. हत्ती मागं आले पाहिजेत."