दगूनाना आणि पॉलिशवाले

दगूनानांनी एकदा सख्ख्या जावयाला पाऊण तास ओट्यावर उभं ठेवलं होतं. जावयाचा गुन्हा एवढाच, की त्याने मिशी काढली होती. दाराची साखळी न काढता नाना फटीतून विचारत होते, "तुमना लगीनमा जेवाले काय व्हतं?"

"वरण-बट्टी, वांग्याची भाजी."

"भाजी कशी व्हती?"

जावई बिचारा घाबरून खरं बोलला, "खारट." तेव्हा कुठे साखळी निघाली.

नाना पिंप्राळ्यात आमचे शेजारी, मूळचे दोंडाईचाकडचे. सारी नोकरी रेल्वेच्या पार्सल खिडकीवर गेली, त्यामुळे जगातलं प्रत्येक खोकं दगड भरूनच येतं असा त्यांचा ठाम समज होता. "पहिले ठोकी दख!" हा त्यांचा मंत्र. टरबूज ठोकायचे, तुपाचा डबा ठोकायचे. दक्षिणा मागायला आलेल्या एका साधूची तर त्यांनी दाढी ओढून पाहिली. दाढी खरी निघाली. साधूच्या तोंडून जे शब्द निघाले ते मात्र साधूचे नव्हते, त्यामुळे नाना खूश. "डुप्लिकेटच शे!"

मी एकदा पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवलं आणि पत्र आलं: आपला पहिला नंबर, फक्त टपालखर्च भरा आणि ट्रान्झिस्टर न्या. मी पेढे वाटत सुटलो. नानांनी पेढा खाल्ला आणि मला गल्लीभर फिरवलं. सात घरांत तेच पत्र होतं, आणि सातही जणांचा पहिला नंबर. पेढे मात्र मी एकट्यानेच वाटले होते.

पण नानांचं खरं वैर पॉलिशवाल्यांशी. पुरुष कामावर गेले की हे जोडीने यायचे. आधी पितळेचा तांब्या फुकटात चकचकीत करून विश्वास मिळवायचा, मग बाईच्या पाटल्या मागायच्या आणि त्यातलं सोनं आपल्या तेजाबाच्या पाण्यात उतरवून पसार व्हायचं. अशा एका जोडीला नानांनी प्रेमाने ओट्यावर बसवलं आणि हाक मारली, "बठ्ठा भांडा लई या वं!" घंगाळं आली, समया आल्या, कोणी तर आख्खा बंब ढकलत आणला. सोन्याच्या आशेने ते दोघे चार वाजेपर्यंत घासत राहिले. शेवटी एकाने घाम पुसत पाटल्यांचं नाव काढलं. "सोनं नही भाऊ," नाना म्हणाले, "पन हात चांगला शे तुमना. दिवाईले या."

तेव्हापासून बाया भाजीवालासुद्धा नानांना विचारूनच थांबवू लागल्या. नाना नुसते फुलून गेले होते.

आणि नेमके नाना आणि मी सावद्याला लग्नाला गेलो असताना दुसरे पॉलिशवाले आले. सहा महिन्यांपूर्वी धुळ्याहून नांदायला आलेली समोरची सुनंदा त्यांना सापडली. पाटल्या परत मिळाल्या त्या पार हलक्या होऊन.

आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा तिची सासू ओरडत होती, "बापाकडे पोचवा हिला! अशी येडी सून मला नको." सुनंदाची पिशवी भरून दारात ठेवली होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा नवरा जमिनीकडे बघत होता.

नाना पुढे झाले. "तिले काही बोलू नका, अक्का. चूक मनी शे. सावद्याले जातांना माले तो मानूस भेटना व्हता. मीच तिले सांगं, चोख शे म्हनून."

मग कोणीतरी म्हणालं, "ठोकून नाही पाहिला का नाना?" आणि सगळे खो खो हसले. सासूने मोर्चा नानांकडे वळवला, तासभर त्यांचा उद्धार केला. पिशवी मात्र आत गेली.

सावद्याला निघताना घरापासून बसपर्यंत मी नानांबरोबर होतो. आम्हाला कोणीही भेटलं नव्हतं. मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "माले लोक चार दिन हसतीन. तिले जलमभर बोलले असते."

चार दिवसांवर भागलं नाही. नानांना कोणी काही विचारेनासंच झालं. फेरीवाले थेट दारात जाऊ लागले आणि नाना ओट्यावर नुसते बसून राहायचे. मला ते बघवत नसे.

मग एकदा कल्हईवाला आला. सुनंदा डोक्यावरचा पदर सावरत, सासूच्या देखत, सरळ नानांच्या ओट्याशी आली. "नाना, याला पातेलं देऊ का?"

नाना इतक्या घाईने उठले, की एकाच पायात चप्पल घालून कल्हईवाल्यापर्यंत पोचले.